कल्पित जगाचा कोशकार

जे. आर. आर. टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड १९५४ साली निघाला तेव्हा शेवटी नामसूची देण्याचे आश्वासन त्यात होते. १९५५ साली तिसरा खंड आला तो सूची देता आली नाही याबद्दलची प्रकाशकांची दिलगिरी घेऊन. त्या राहून गेलेल्या सूचीच्या जागी पुढे एक कपाट भरेल इतके कोश, नकाशासंग्रह आणि मार्गदर्शिका आल्या. आता यांतले कोणते पुस्तक घ्यावे, हा प्रश्न आहे.

इचलकरंजीच्या वाचकाला तो थोडा अधिक जाचतो. १८७० सालापासूनचे आपटे वाचन मंदिर आणि पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखालील १९७४ चे साहित्य संमेलन या गावाच्या खात्यावर जमा आहे, तेव्हा ग्रंथांचे इथे वावडे नाही. पण असल्या विषयावरचे इंग्रजी पुस्तक इथे बहुधा न चाळताच, मुखपृष्ठ पाहून मागवावे लागते. शिवाय आपल्यातले बरेचजण टॉल्कीन परभाषेत वाचतात. मूळ वाक्य नीटसे उमगले नाही की कोशाचे वाक्य प्रमाण धरले जाते, आणि हळूहळू लेखकाच्या जागी कोशकारच बोलू लागतो. म्हणून ही निवड मला क्षुल्लक वाटत नाही.

कसोटी मात्र मराठी वाचकाला परकी नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' (१९३२) कुठेही उघडून पाहावा. विधानामागोमाग कंसात ग्रंथ आणि अध्याय येतो. एका पुराणातली वंशावळ दुसऱ्याशी जुळत नसेल तर शास्त्रीबुवा ती ओढूनताणून जुळवत नाहीत, भेद नोंदवतात. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती क्रमांक देऊन वेगळ्या ठेवतात. वाचकाने खात्री करायला मूळ ग्रंथाकडे जावे, हे तिथे गृहीतच आहे.

पुराणांना ही शिस्त शोभते, एका माणसाच्या कल्पनाविलासाला एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. मला उलटे वाटते. प्राचीन राजाविषयी उद्या एखादा ताम्रपट सापडू शकतो. गिल-गॅलॅड या एल्फ राजाविषयी टॉल्कीनच्या कागदांबाहेर कधीच काही सापडणार नाही. तिथे लिहिलेला शब्द हाच पुरावा.

याच गिल-गॅलॅडचे उदाहरण घेऊ. टॉल्कीन १९७३ साली वारला. त्याच्या हस्तलिखितांतून मुलगा क्रिस्टोफर याने सिद्ध केलेले 'द सिल्मरिलियन' १९७७ साली निघाले. त्यात गिल-गॅलॅड हा फिंगॉनचा पुत्र. रॉबर्ट फॉस्टरच्या 'द कम्प्लीट गाइड टू मिडल-अर्थ' (१९७८) या कोशातही तो फिंगॉनचाच. पुढे १९८३ ते १९९६ या काळात क्रिस्टोफरने वडिलांचे मसुदे बारा खंडांत छापले आणि शेवटच्या खंडात सांगून टाकले, की वडिलांच्या अखेरच्या विचारानुसार गिल-गॅलॅडचा पिता ओरोड्रेथ होता, आणि छापील ग्रंथात हे पितृत्व संदिग्ध ठेवले असते तर फार बरे झाले असते. मग फॉस्टर चुकला काय? माझ्या मते नाही. त्याची नोंद कोणत्या ग्रंथाच्या आधारे उभी आहे हे तो सांगतो, त्यामुळे आधार हलला की नोंद का हलली तेही कळते. आधार न देणाऱ्या कोशाने ओरोड्रेथचे नाव बरोबर छापले, तरी ते का मानावे हे वाचकाला कळत नाही.

फॉस्टरचे मौनही मला मोलाचे वाटते. मूळ कथेत पाच जादूगारांचा उल्लेख येतो, पण त्यांतल्या दोघांची नावे येत नाहीत. ती 'अनफिनिश्ड टेल्स'मधून १९८० साली उजेडात आली. १९७८ च्या कोशात ती नाहीत आणि त्यांच्या जागी रचलेलेही काही नाही. डेव्हिड डे याच्या 'अ टॉल्कीन बेस्टियरी' (१९७९) या देखण्या सचित्र ग्रंथावर जाणत्या वाचकांचा जुना आक्षेप नेमका इथेच आहे: टॉल्कीन कुठे संपला आणि डे कुठे सुरू झाला, याची खूण सापडत नाही. चित्रे पाहायला ग्रंथ जरूर घ्यावा, शंका फेडायला नव्हे.

रिकाम्या जागा भरूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. कॅरेन विन फॉन्स्टॅड या मानचित्रकार बाईंनी 'द ॲटलस ऑफ मिडल-अर्थ'मध्ये (१९८१; सुधारित आवृत्ती १९९१) अंतरे, चढउतार, वाटा अशा कितीतरी गोष्टी तर्काने ठरवल्या आहेत; मूळ नकाशांत त्या नाहीत. पण तर्क कसा केला ते त्या शेजारीच लिहितात. पटला नाही तर वाचकाला भांडता येते, आणि नकाशांशी भांडण्याची मजा काही और आहे! हॅमंड आणि स्कल या दांपत्याचा 'अ रीडर्स कम्पॅनियन' (२००५) अकारविल्हे नसून प्रकरणाबरहुकूम चालतो. तो दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावा. पहिल्या वाचनात टीपांचाच पाऊस पडतो.

तेव्हा एकच घ्यायचे तर फॉस्टर, दोन घ्यायची तर सोबत फॉन्स्टॅड. फॉस्टरची एक अडचण मात्र खरी आहे. त्याचे पृष्ठांक विशिष्ट इंग्रजी आवृत्तीचे आहेत. दुसरी प्रत हाती असली की ते चुकतात. मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद वाचणाऱ्याला तर त्यांचा थेट उपयोगच नाही. त्यावर उपाय आहे. मूळ कादंबरीची प्रकरणे एकंदर ६२. कोशाने धरलेल्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरण कितव्या पानावर सुरू होते आणि आपल्या प्रतीत कितव्या, असे दोन रकाने वहीत आखून कोशाच्या मलपृष्ठाला चिकटवावेत. काम एका संध्याकाळचे आहे.