औषधाआधी पाणी तपासा



पाणी गाळल्याशिवाय आपल्याकडे घागरीत पडत नसे. फडक्यावरचे जीवही त्याच विहिरीत परत सोडायचे, ही सासूबाईंची शिकवण. त्याच घरात माझ्या हातून पाण्यापायी दोन मासे गेले, म्हणून हे लिहिते आहे.

नातवाच्या हट्टाने काचेच्या टाकीत चार गोल्डफिश आले. एकाची शेपटी झडू लागली. दुकानदाराने जंतूंवरचे औषध दिले, मी ते घातले. पाणी तर नितळ दिसत होते. चौथ्या दिवशी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आजारी मासा गेलाच, धडधाकटही एक गेला. नातू म्हणाला, "आजी, तू तर औषध दिलं होतंस ना?"

मग समजून घेतले. माशांच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरमधले उपयोगी जंतू त्याचे नायट्राइट आणि पुढे बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. काही औषधे रोगजंतूंबरोबर यांनाही मारतात. मग अमोनिया साठतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मी मागाहून पाणी तपासले, तेव्हा पिवळा राहायला हवा तो रंग हिरवागार झाला.

माझे मत स्पष्ट आहे: न तपासता घातलेले औषध ही जीवदया नव्हे. पहिल्या डोसाआधी आणि नंतर रोज तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पुष्कळदा आजाराचे मूळ खराब पाण्यातच असते, मग औषधाची गरजही पडत नाही. आकडा वाढला तर चतुर्थांश पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन काढलेले हवे. औषध पुन्हा घालायचे तर बदललेल्या पाण्यापुरतेच. फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो, तो तेवढ्यापुरता काढा. खाणे कमी द्या, हवेचा पंप चालू ठेवा.

एक मैत्रीण म्हणाली, "औषधाने जंतू मरतात, मासे मरतात, पाप दोन्हीकडून. त्यापेक्षा तळ्यात सोडून द्या." मला हे पटत नाही. टाकीत वाढलेला मासा तळ्यात एक तर मरतो, नाही तर तिथल्या माशांच्या मुळावर येतो. आजारी असेल तर रोगही सोबत नेतो. ती सुटका त्याची नव्हे, आपली.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिलाच आहे बंध, म्हणजे जिवाला कोंडून ठेवणे. ती चूक टाकी आणली त्याच दिवशी झाली. आता उरलेल्या दोघांची नीट काळजी घ्यायची, आणि त्यांच्यानंतर टाकी पुन्हा भरायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. नातवालाही ते पटले. रोज सकाळी नळीत थेंब तोच मोजतो.

गेलेल्या दोघांना, मिच्छामि दुक्कडम्.