बुवा मध्ये, गजर भोवती

दिवाळीच्या खरेदीत प्रत्येक पिढीचा एक मानाचा ऐवज असतो. आजोबांच्या पिढीला तो रेडिओ होता, वडिलांच्या पिढीला टेपरेकॉर्डर आणि मागाहून रंगीत टीव्ही. आता तो मान होम थिएटरकडे गेला आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर भले मोठे खोके घरात येते. त्यातून पाच लहान स्पीकर आणि एक जाडजूड सबवूफर बाहेर निघतो, आणि घरातले प्रत्येक माणूस आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यांना जागा सुचवू लागते. कुणाला शोभेच्या कपाटाची काळजी, कुणाला नव्या रंगाची. चिरंजीवांचे म्हणणे एवढेच, की सगळे स्पीकर माझ्या खुर्चीकडे वळवा. जोडणीला आलेला मुलगा मात्र कुणाचेच ऐकत नाही. त्याची नजर भिंतीवरच्या जुन्या खिळ्यांवर असते. जेथे खिळा तेथे स्पीकर, या न्यायाने तो अर्ध्या तासात काम उरकतो. डावा काचेच्या कपाटात, उजवा दाराआड, मधला टीव्हीच्या मागे आडवा आणि उरलेले दोन छताला टेकलेले. चहा पिऊन तो निघून जातो आणि घर टाळ्या वाजवते.

चार दिवसांनी टाळ्या थांबतात. विमान डोक्यावरून जाते खरे, पण वैमानिक काय म्हणाला ते कळत नाही. संवाद ऐकू यावेत म्हणून कुणीतरी आवाज वाढवते. लगेच मारामारी सुरू होते आणि दुसरे कुणीतरी रिमोटकडे झेप घेते. रात्रभर हा चढउतार चालू राहतो. मराठीच्या मास्तराने तारा-खिळ्यांच्या भानगडीत का पडावे, असे या सदराच्या वाचकांना वाटेल. पण हा प्रश्न अखेर शब्द ऐकू येण्याचा आहे, आणि शब्द हा तर आमच्या दुकानातला माल.

या मांडणीचे मर्म समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. देवळातले नारदीय कीर्तन आठवा. बुवा मधोमध उभे. एका हाताला पेटी, दुसऱ्या हाताला तबला. निरूपण चालू असते तेव्हा साथ हलकी असते आणि शब्द एकट्या बुवांचा असतो. बुवांनी हात वर करून नामाचा गजर मागितला, की तो समोरून येत नाही. श्रोत्यांतून, खांबांच्या आडून, मागच्या ओट्यावरून येतो आणि आपण त्याच्या मध्यभागी असतो. होम थिएटरचे पाच स्पीकर म्हणजे हाच संच. मधला स्पीकर हे बुवा, डावा-उजवा ही पेटी-तबल्याची साथ, आणि बाजूचे दोन म्हणजे गजर. चित्रपटातले बहुतेक सारे संवाद मधल्या स्पीकरमधूनच येतात. गजर अखंड चालू ठेवला आणि बुवांना खांबामागे उभे केले, तर त्या कीर्तनाला कोण बसेल? आपल्या दिवाणखान्यांत नेमके हेच होत असते.

ही मधल्या जागेची महती इंजिनिअरांनाही पायरीपायरीनेच उमगली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपला चित्रपट बोलू लागला. त्या काळच्या बोलपटाचा आवाज एकपदरी. नायक पडद्याच्या डाव्या टोकाला गेला, तरी त्याचा आवाज जागचा हलत नसे. त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाच्या तरुण इंजिनिअरला बोलपट पाहताना हीच गोष्ट खटकली आणि यावर आपल्याकडे उपाय आहे असे तो आपल्या भावी पत्नीला म्हणाला, अशी हकिगत सांगतात. १९३१ च्याच डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो, त्याची बैठक त्या कागदपत्रांत आहे.

स्टीरिओला दोन स्पीकर पुरतात, मग तिसरा मधला कशाला? याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. त्यासाठी आवाजाच्या तीन वाटा योजल्या होत्या: डावी, मधली आणि उजवी. पुढे १९४० साली डिस्नेच्या ‘फॅन्टेसिया’ने आवाज प्रेक्षकांच्या भोवतीही फिरवला, पण ती यंत्रसामग्री इतकी खर्चिक होती, की मोजक्याच चित्रगृहांत ती बसली.

मधल्या वाटेचे कारण कानाच्या एका खोडीत आहे. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने ती नीट मोजून दाखवली. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्याशा अंतराने आला, तर कान जो आधी पोचला त्याच्याकडे बोट दाखवतो. दोनच स्पीकर असले, तर बरोबर मध्ये बसलेल्याला गायक पडद्याच्या मध्यावर भासतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याला मात्र डावा स्पीकर जवळचा. त्याच्या लेखी सारा चित्रपट डाव्या कोपऱ्यात गोळा होतो. मधला स्पीकर आहे तो या माणसासाठी. मानाच्या जागेवर बसणाऱ्याचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही. कडेला बसणाऱ्यांचे अडते, आणि घरात कडेला बसणारे नेहमीच अधिक असतात.

आता मांडणीकडे वळू. फूटपट्टीपेक्षा येथे घड्याळ उपयोगी पडेल. खोलीच्या जमिनीवर एक मोठे घड्याळ आखले आहे आणि त्याच्या मध्यावर तुमचा सोफा आहे, असे समजा. टीव्ही आणि मधला स्पीकर बारावर. डावा अकरावर, उजवा एकावर. बाजूचे दोन चाराच्या किंचित अलीकडे आणि आठाच्या किंचित पुढे. म्हणजे कानांच्या रेषेपेक्षा थोडे मागे. अगदी पाठीमागे, सहावर, त्यांना टांगू नये. पाऊस, बाजार, पाखरे यांचा भास कुशीकडून आला तरच खरा वाटतो. पाठीमागून आला की माणूस दचकून मागे पाहतो.

पुढच्या दोन स्पीकरांपासून तुम्ही आठ फुटांवर असाल, तर त्या दोघांतही आठच फूट अंतर ठेवा. शाळेतला समभुज त्रिकोण येथे उपयोगी पडतो. त्यांची तोंडे थोडी आत, ऐकणाऱ्याकडे वळवावीत. स्पीकरातला लहान गोल, जो बारीक आवाज काढतो, तो बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. बाजूचे दोन कानापेक्षा सुमारे दोन फूट उंच चालतील. छताला टेकवण्याचे कारण नाही. मधला स्पीकर टीव्हीच्या खालच्या फळीवर असतो. तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढावा आणि त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड कानाकडे वर करावे. कपाटाच्या कप्प्यात तो मागे ढकलला, की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. हा स्पीकर डाव्या-उजव्यांच्या सरळ रेषेत असला, तर त्यांच्यापेक्षा तुम्हाला सुमारे एक फूट जवळ पडतो आणि त्याचा आवाज सेकंदाचा एक हजारावा भाग आधी पोचतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते. ते फितीने मोजून खरेखुरे भरले, की यंत्र त्याला तेवढे थोपवून धरते.

आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवण्याची रीत आहे. निदान एक-दीड फूट तो पुढे घेता आला तर घ्यावा, कारण जाड आवाज भिंतीपाशी साचतो. जागाच नसेल, तर बाजूचे स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावावेत. एका बाजूला गॅलरीचे दार असेल, तर त्या स्पीकरला उभा स्टँड द्यावा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती शब्दाला चेंडूसारख्या परतवतात. जाड पडदा, सतरंजी, आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्याने खोली शहाणी होते. पुस्तके वाचली नाहीत तरी चालेल. पण लहानमोठी असावीत, म्हणजे आवाज विखुरतो.

राहिला तो सबवूफर. पाचानंतरच्या पॉइंट एकाचा धनी तो. चित्रपटात त्याच्यासाठी राखलेली वाट १२० हर्ट्झच्या खालची. गडगडाट, स्फोट, भूकंप तेवढे तिच्यात. इतक्या जाड आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून तो कुठेही ठेवा असे सांगतात. पण कुठेही ठेवला तरी सारखाच वाजतो, असे मात्र नाही. बारा फुटी खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये झुलू लागतो; भिंतीपाशी तो गुरगुरतो आणि नेमका मध्यावर गायब होतो. त्यावर जाणकारांनी एक गमतीची युक्ती काढली आहे. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवायचा, गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचे. जेथे आवाज भरीव आणि स्वच्छ वाटेल तेथे खूण करायची. तीच सबवूफरची जागा. गृहस्थाने हे दार लावून करावे, एवढेच.

हे सारे हौशी लोकांचे चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. त्यांना मी आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांची गोष्ट सांगतो. वय एक्याऐंशी, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, एके काळी नाटकांचे मोठे षौकी. घरात होम थिएटर आल्यापासून दहा मिनिटांत उठून आपल्या खोलीत जात. ‘तुम्ही बघा, मला झोप येते,’ म्हणत. घरच्यांनी समजूत करून घेतली, की वयाने त्यांचा रस गेला. वास्तविक झोप त्यांना रात्री बारापर्यंत येत नसे.

म्हातारपणी कान सरसकट मंद होत नाहीत. आधी जातात ते उंच सूर, आणि भाषेतली पुष्कळशी व्यंजने त्या उंच प्रदेशात राहतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांचे धारदार अंग तेथेच असते. स्वर खालच्या मजल्यावर राहतात, म्हणून ते पोचतात. परिणाम असा, की कुणीतरी बोलते आहे हे कळते; काय बोलते ते कळत नाही. ‘पाट’, ‘ताट’ आणि ‘काट’ यांतला नुसता ‘आ’ हाती लागतो. अशा माणसासाठी आवाज वाढवला, की स्वर आणि गडगडाट दोन्ही वाढतात, व्यंजने जेथल्या तेथेच. चारदा ‘काय म्हणाला?’ विचारल्यावर पाचव्यांदा विचारायचा माणसाला संकोच होतो. मग तो उठून जातो आणि झोपेचे नाव सांगतो.

या आजोबांची वेताची खुर्ची खिडकीपाशी, सोफ्याच्या डाव्या टोकाला होती. बाजूचा डावा स्पीकर त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर टांगलेला. पडद्यावर पाऊस पडे तो सगळा त्यांच्या कानात. आणि बुवा टीव्हीच्या मागे! एका रविवारी बापलेकांनी मधला स्पीकर पुढे काढून त्यांच्या खुर्चीच्या बाजूला जरासा वळवला. डावा दोन हात लांब नेऊन उंच केला. खिडकीला जाड पडदा आला. रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि एकंदर आवाज कमी केला. कानाची तपासणी झाली, यंत्रही आले. स्पीकर हलवणे हा काही औषधोपचार नव्हे. पण त्या रात्री लावलेल्या विनोदी चित्रपटाला आजोबा सर्वांबरोबर, त्याच क्षणी हसले. एरवी ते दुसऱ्यांना हसताना पाहून मागाहून हसत, हे घरच्यांच्या तेव्हा ध्यानात आले. चित्रपट संपेपर्यंत ते बसले, आणि सकाळी चहाच्या वेळी नायिकेच्या ‘न’ आणि ‘ण’बद्दल त्यांनी सविस्तर तक्रार केली.

म्हणून माझी विनंती एवढीच, की नव्या संचाची परीक्षा विमानांवर आणि स्फोटांवर घेऊ नका. ती परीक्षा पहिल्या दिवशी सगळेच संच उत्तीर्ण होतात. दोन माणसे हळू बोलत आहेत असा प्रसंग लावा. घरातल्या प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा आणि कडेपासून सुरुवात करून विचारा: आत्ता तो काय म्हणाला? ज्याला सांगता येणार नाही, त्याच्यासाठी मधला स्पीकर हलवा, पातळी वाढवा, पडदा लावा. चिरंजीवांच्या खुर्चीचा नंबर शेवटी. आणि रात्री दहानंतर सबवूफर मिटवून ठेवा. निवासी वस्तीसाठी कायद्याने आखलेली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि जाड आवाज भिंत मानत नाही. तुमच्या भिंतीपलीकडेही कुणाचे आजोबा झोपेचे नाव सांगून जागे असतील.