पांचगणीच्या विद्यार्थ्याचें गीत

रॉक संगीताचें नांव काढतांच आपल्या पालकवर्गांतील पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. गोंगाट, आरडाओरडा, उच्छृंखलपणा! हा आक्षेप सर्वस्वीं निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु ‘बोहेमियन रॅप्सडी’ या इंग्रजी गीतापुरता तरी तो मागें घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

हें गीत रचणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. झांजिबार येथें १९४६ सालीं एका पारशी कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा वयाचीं ८ वर्षें झालीं असतां आईबापांपासून दूर, सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकावयास आला. तेथेंच त्यानें पियानोचे धडे घेतले, आणि १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदांत तो पियानो वाजवूं लागला. (संगीताच्या तासास ‘रिकामा तास’ म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.)

१९७५ सालीं त्याच्या ‘क्वीन’ या मंडळीनें हें गीत ध्वनिमुद्रित केलें. सुमारें ६ मिनिटांच्या या गीतास ध्रुवपद असें नाहींच. आरंभीं वाद्यांवांचून नुसते कंठस्वर, मग पियानोच्या साथीनें करुण निवेदन, नंतर गिटार, पुढें ऑपेराच्या धर्तीचा संवाद, एकाएकीं संतापाचा कल्लोळ, आणि शेवटीं शांतता. मधला वृंदघोष ऐकतांना ५० गायक तरी असावेत असें वाटतें. वस्तुतः तिघांनींच आपले आवाज पुनःपुन्हां एकमेकांवर चढवून तो उभा केला आहे. आपल्या जालन्याकडील भजनाची लय पायरीपायरीनें चढते. येथें जिना नाहीं, उडीच आहे.

विषय मात्र भयंकर. आपल्या हातून मनुष्यहत्या झाल्याचें एक तरुण आईस सांगतो. मुलांनीं असलें कां ऐकावें, असें एका पालकांनीं मला विचारलें. माझें मत असें कीं, या गीतांत अपराधाची फुशारकी कोठेंही नाहीं. त्या तरुणास प्रथम आठवते ती आई. मग त्याची सुटका करावी कीं करूं नये, याची ओढाताण चालते. तींत ‘बिस्मिल्ला’ हा शब्दही येतो. शेवटची बेफिकिरी मला खरी वाटत नाहीं. ती हताश मनुष्याची भाषा आहे. मर्क्युरी १९९१ सालीं वारला. गीताचा अर्थ उलगडून सांगण्याचें त्यानें नेहमींच टाळलें होतें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गीत दार लावून एकट्यानें ऐकूं नये. आईबापांना शेजारीं बसवून ऐकावें. त्या तरुणास त्याची आई काय उत्तर देईल, हेंही मग घरीं विचारावें. गीतांत तिचें उत्तर नाहीं.