दुसऱ्या चमत्काराची अट

ख्रिस्ती श्रद्धेत चमत्काराला मान आहे, पुराव्याचा दर्जा नाही. योहानाचे शुभवर्तमान येशूच्या अशा कृत्यांना ‘चिन्हे’ म्हणते. मार्कच्या आठव्या अध्यायात परूशी आकाशातून चिन्ह मागतात, तेव्हा येशू उसासा टाकतो, साफ नकार देतो आणि होडीत बसून पलीकडे निघून जातो. चंगाई सभांच्या फलकांवर हा अध्याय कधी सापडत नाही. यंदाचे फलक नेमके सांकवाळच्या फेस्ताच्या आठवड्यात झळकले: मधुमेह, कर्करोग आणि परदेशचा व्हिसा, सगळे एकाच संध्याकाळी. या स्तंभाला या फलकांचे वावडे आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

१६ जानेवारीचे हे फेस्त संत जोसेफ वाझ यांचे. चमत्काराचा अर्थ लावायला त्यांना फ्रान्सिस झेवियर यांच्या शेजारी उभे करणे पुरेसे आहे.

झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १६२२ मध्ये संत झाले. मेलेल्यांना उठवल्याच्या साक्षी त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या. परक्या भाषा आपोआप बोलता येण्याचे वरदानही जमा झाले. त्यांची स्वतःची पत्रे मात्र भाषेवाचून अडल्याचे आणि दुभाषे शोधल्याचे सांगतात. संताने लिहिलेले भक्तांनी वाचायचे नाही, ही रीत तशी सर्वधर्मीय आहे. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाला लाखो लोक रांग लावतात.

बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेल्या वाझ यांची गोष्ट वेगळी. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये मजुराच्या वेशात शिरले. तमिळ आणि सिंहली शिकले, तेही वरदानाने नव्हे, घोकून. कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे १६९६ च्या अवर्षणात त्यांनी भर चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला. वेदीभोवतीची जागा तेवढी कोरडी राहिली, असे परंपरा सांगते. राजा प्रसन्न झाला आणि त्याने धर्मप्रसाराची मोकळीक दिली.

पुढच्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. रोग्यांना घरच्यांनीच रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हाल्हो मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी आसरे उभारले, अन्न पोचवले, फोड धुतले आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. निसर्गाचा एकही नियम इथे मोडला नाही. तरीही योहानाच्या अर्थाने चिन्ह कोणते, पावसाचे की फोड धुण्याचे, असे विचारले तर उत्तर अवघड नाही. पाऊस वाझ नसतानाही पडला असता. फोड कोणी धुतले नसते.

रोमचा रिवाज काटेकोर आहे: धन्यपदाला एक चमत्कार, संतपदाला आणखी एक. वाझ यांना १९९५ मध्ये धन्यपद मिळाले. दुसरा चमत्कार काही कागदावर येईना. अखेर पोप फ्रान्सिस यांनी ही अटच बाजूला ठेवली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. गोव्यातल्या अनेकांना हे काहीसे उणे वाटते. खरे तर चमत्काराविषयीची ख्रिस्ती भूमिका इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडली गेली असेल. वाझ यांच्या नावाने दाखवायला शव नाही; त्यांची कबर कँडीत नेमकी कुठे होती, तेही आज सांगता येत नाही.

चर्चच्या कडक तपासणीकडे चंगाईवाले सोयीस्कर डोळेझाक करतात. फ्रान्समधल्या लूर्दला बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले सत्तरच्या आसपास. तिथे आधी निदानाचे कागद मागतात, बरे होणे टिकाऊ आहे का हे वर्षानुवर्षे पाहतात, औषधाने गुण आला असेल तर दावा बाद होतो. मंडपात मात्र रोगी कुबडी टाकून दोन पावले चालला की टाळ्या; महिन्याभराने त्याच्या घरी जाऊन पाहणारा कोणी नसतो.

चंगाई सभेला ज्याला जायचे असेल त्याने खुशाल जावे. परतल्यावर इन्सुलिन मात्र बंद करू नये. तसे करायला शुभवर्तमानात कुठेही सांगितलेले नाही.