कौल नको, झाडा हवा

आपल्या घरांतील सायंप्रार्थना बंद पडत चालली आहे, ही धर्मगुरूंची जुनीच तक्रार आहे. आधी दूरचित्रवाणीने तिची वेळ हिरावून घेतली, पुढे मोबाइलने उरलासुरला निवांतपणाही नेला. पण आज मला त्या घरांविषयी लिहायचे नाही. जेथे अजूनही तिन्हीसांजेला आल्तारापुढे मेणबत्ती लागते, सारे कुटुंब गुडघे टेकून रोझरी म्हणते आणि शेवटी बायबल उघडते, अशा भाविक घरांत एक खूळ शिरले आहे. माझे भांडण त्या खुळाशी आहे.

घरात एखादा निर्णय अडलेला असतो. वाडी विकावी की राखावी? मुलाने परदेशी जावे की नाही? मुलीला सांगून आलेले स्थळ पत्करावे का? रोझरी संपते. कुणीतरी डोळे मिटून बायबल उघडते, पानावर बोट ठेवते आणि ज्या ओळीवर बोट पडेल ती प्रभूची आज्ञा ठरते. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर आम्हांस ऐकविले जाते, "फादर, देवाने होकार दिला." एकदा देवाचेच नाव पुढे केले, की फादरांनी बोलावे तरी काय? भावाबहिणींनी तरी काय बोलावे?

कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला लावलेला कळा कोणत्या बाजूने पडतो त्यावरून होकार वा नकार ओळखतात. तो त्या भाविकांचा प्रश्न आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेला नावे ठेवणे मला शोभणार नाही. मात्र त्याच शेजाऱ्याला अंधश्रद्धाळू म्हणून हिणवणारे आपण पवित्र ग्रंथाच्या पानांना कळ्यासारखे वापरू लागलो, तर हसावे की रडावे?

यावर हमखास येणारे उत्तर मला ठाऊक आहे. "संत ऑगस्टीनने नाही का असेच पान उघडले?" उघडले, इसवी सन 386 मध्ये, मिलान येथील बागेत. पण त्या ओळीने त्याला काय दिले? पौलाच्या पत्रातील त्या शब्दांनी त्याला कुठलीही नवी बातमी सांगितली नाही. कित्येक वर्षे जे त्याला कळत होते आणि वळत नव्हते, तेच त्याच्यापुढे उभे केले. त्याला सवय मोडावी लागली, सारे आयुष्य बदलावे लागले. पुढे महागुरू झाल्यावर याच ऑगस्टीनने जानुआरियुस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात, शुभवर्तमानाच्या पानांतून ऐहिक व्यवहारांचा कौल काढण्याची चाल आपल्याला रुचत नसल्याचे स्पष्ट कळविले. अशी शकुनविद्या 506 साली आग्द येथील आणि 511 साली ऑर्लेआँ येथील धर्मपरिषदांनी निषिद्ध ठरविली. आपले हे नवे खूळ मुळात नवे नाहीच. ख्रिस्तसभेने ते दीड हजार वर्षांपूर्वीच पारखून टाकून दिले आहे.

अधिक वाचन असलेले वाचक मत्थियाच्या निवडीचा दाखला देतील. होय, प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, पण कधी? पवित्र आत्मा उतरण्यापूर्वी. पेन्टेकॉस्टनंतर प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात चिठ्ठ्यांचे नावही निघत नाही. सात सेवकांची निवड सर्व शिष्यसमुदायाने केली. परराष्ट्रीयांचा बिकट प्रश्न यरुशलेमात वादविवाद करून सोडविला. खुद्द प्रभू येशूने बारा जणांना निवडण्यापूर्वी डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली. त्या रात्री आकाशवाणी झाल्याचे लूक सांगत नाही. सकाळ झाली आणि प्रभूने निवड केली, एवढेच तो लिहितो.

मग दिवसाच्या अखेरीस मार्गदर्शन मागायचेच नाही काय? अवश्य मागावे. परंतु उद्याचे मार्गदर्शन आज सरलेल्या दिवसातच दडलेले असते, हे ओळखून मागावे. 1521 साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात खाटेवर पडून होता. पराक्रमाची, दरबारी प्रेमाची स्वप्ने तो तासन्‌तास रंगवी. कधी संतांप्रमाणे जगण्याची स्वप्ने पाही. दोन्हींत रस सारखाच वाटे. फरक नंतर कळे. पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे पडे, दुसरी ओसरल्यावरही आनंद टिकून राही. त्याने तो फरक हेरला. येशूसंघाची अवघी आध्यात्मिक परंपरा या बारीकशा निरीक्षणातून उगवली आहे. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात रोजच्या आत्मपरीक्षणाचा क्रम दिला आहे आणि त्याचा आरंभ पापांच्या यादीने होत नाही. आधी दिवसभरातील कृपेबद्दल उपकार मानायचे, मग स्वतःला ओळखण्याची कृपा मागायची आणि त्यानंतर प्रहरामागून प्रहर असा दिवसाचा झाडा घ्यायचा. क्षमा आणि सुधारणेचा निश्चय सर्वांत शेवटी येतात. हा क्रम उलटला तर प्रार्थनेचे न्यायालय होते, आणि आमच्या कित्येक घरांत ते तसे होतेही. त्यात आरोपी मात्र नेहमी मुलेच असतात!

त्याच पुस्तकात आणखी एक नियम आहे. मन उद्विग्न असताना आधीचा निश्चय बदलू नये. रात्री नऊ वाजता, दिवसभराच्या शिणाने आणि कर्जाच्या चिंतेने काळवंडलेल्या मनाने बायबलवर बोट ठेवणाऱ्यांनी हा नियम आल्तारापाशी लिहून ठेवावा.

धर्मगुरूंची आणि मठवासीयांची निशाप्रार्थनाही वेगळे काही शिकवीत नाही. 1971 साली सुधारित स्वरूपात आलेल्या प्रहरप्रार्थनेत तिच्या आरंभीच आत्मपरीक्षणाला जागा ठेवलेली आहे. म्हाताऱ्या शिमोनाचे कृतार्थ स्तोत्र पुढे येते. आधी झाडा, मग निरोप.

आता वाडीचेच पाहा. बोट ठेवून विक्रीला होकार मिळतो, परंतु सासरी गेलेल्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही कशी घेतली, हे त्या बोटाला कुणी विचारत नाही. झाडा घ्यायला बसलो की तेच आधी आठवते. दुपारी ती आली होती, चहा न घेताच गेली. तिच्याशी बोलताना आपला आवाज चढला होता. कागद पुढे सरकवला तेव्हा तिने आईच्या तसबिरीकडे पाहिले होते. देव ज्या जागी बोलतो ती ही जागा. पान उघडण्याची घाई बहुधा तेथून नजर चुकविण्यासाठीच असते, असे मला वाटू लागले आहे.

"फादर, एवढा वेळ कुणाला आहे?" रोझरीनंतर दहा मिनिटे पुरतात. मेणबत्ती जळत राहू द्यावी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि दिवसभरात ज्याच्याशी आपण वाकडे वागलो त्याचे नाव घरच्या कर्त्या माणसाने सर्वांत आधी घ्यावे, मुलांच्या देखत. बहीण फोनच्या अंतरावर असेल तर प्रार्थना आटोपताच तिला फोन लावावा. विक्रीचा विचार दुसऱ्या दिवशी, तिला समोर बसवून करावा.