बालरुग्णाची पुडी आणि आपली जबाबदारी

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. उघड्यावरची थंडी, चुलीचा धूर आणि फडातील धूळ यांमुळे टोळीतील मुले ज्वर-कासाने आजारी पडतात. ही मुले प्रथम बालरोगतज्ज्ञाकडे जात नाहीत. ती आपल्या दवाखान्यात किंवा थेट औषध दुकानाच्या काउंटरवर येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातही फारसे निराळे चित्र नाही. म्हणूनच लहान मुलांना ज्वरघ्न व वेदनाशामक औषध कसे द्यावे, हा आपणा सर्वांच्या नित्य व्यवहाराचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत प्रथमच स्पष्ट मांडणे इष्ट. नाव न लिहिलेली पुडी आणि वजन न करता सांगितलेला 'एक चमचा' या दोन्ही प्रथा बालरुग्णांपुरत्या तरी आपण तत्काळ बंद केल्या पाहिजेत.

हा विचार आपल्या शास्त्राला परका नाही. काश्यपाने नवजाताची मात्रा विडंगफलाएवढी सांगून ती मासानुमासे वाढविण्यास सांगितले. शार्ङ्गधराने पहिल्या महिन्यास एक गुंज व पुढे दरमहा एकेक गुंज अशी वाढ दिली. मात्रा बालकाच्या वयाबलानुसार ठरावी, हे तत्त्व ज्या शास्त्राने इतक्या काटेकोरपणे मांडले, त्याच्या अनुयायांनी पॅरासिटामॉल मात्र अंदाजाने द्यावे, ही विसंगती आहे.

पॅरासिटामॉलची एक वेळची मात्रा दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत ४ ते ६ तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. बाजारात थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये कधी १२० किंवा १२५, तर कधी २५० मिलिग्रॅम असते. सहा किलोच्या बालकास ६० ते ९० मिलिग्रॅम पुरतात. त्याला २५० च्या सिरपचा एक चमचा पाजला तर कमाल मात्रेच्या जवळजवळ तिप्पट औषध जाते. थेंबांचे औषध चमचाभर दिले तर पाचपटींहून अधिक. असे दिवसातून चार वेळा घडल्यास यकृतास गंभीर इजा संभवते. त्यात सर्दीच्या संयुक्त सिरपमध्येही पॅरासिटामॉल असेल, तर एकच औषध दोन बाटल्यांतून पोटात जाते.

आता पुडीविषयी. गोळ्या कुटून बांधलेली निनावी पुडी घेऊन गेलेले मूल रात्री अत्यवस्थ झाले, तर पालक त्याला मिरजेस वा साताऱ्यास नेतात. तेथील डॉक्टर विचारतात, 'काय दिले होते?' आईजवळ उत्तर म्हणून केवळ पांढरी भुकटी असते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे. पहिल्या आठ तासांत तो सर्वाधिक गुणकारी ठरतो. पुडीत काय होते याच्या शोधात ते तास निघून जाऊ नयेत.

यावर काही वैद्यबंधू म्हणतात, 'नाव कळले की रुग्ण परस्पर दुकानातून औषध आणील.' ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु रुग्ण निदानासाठी परत यावा. आपण औषध लपविले म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप असा, की आमची औषधे निरुपद्रवी आहेत. त्रिभुवनकीर्ती व संजीवनी वटीत वत्सनाभ आहे, त्रिभुवनकीर्तीत हिंगुळही आहे. यांना निरुपद्रवी म्हणणे रसशास्त्राशी प्रतारणा होय. पुडीवरील नावाचा नियम या औषधांसही तितकाच लागू व्हावा.

काही गोष्टी तर सर्वथा वर्ज्य मानाव्यात. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास केंद्र शासनाने २०११ मध्ये बंदी घातली. रेय सिंड्रोमच्या धोक्यामुळे मुलांच्या ज्वरात ॲस्पिरिन देऊ नये. आयबुप्रोफेन सहा महिन्यांखाली, तसेच जुलाब-वांत्यांनी शुष्कता आली असता वा डेंग्यूचा संशय असता टाळावे. तीन महिन्यांखालील अर्भकास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर असेल, किंवा कोणत्याही वयाचे मूल पीत नसेल, गुंगीत असेल, धापा टाकत असेल, झटके येत असतील, तर औषधाचा प्रयोग न करता त्वरित रुग्णालयात पाठवावे. बालकास लंघन नाही. स्तन्य, पेज, पाणी चालूच ठेवावे. ज्वराचा आकडा उतरविणे हे साध्य नसून बालकास आराम पडणे हे साध्य आहे, हेही पालकांस समजावावे.

औषध विक्रेत्यांवरील दायित्व यापेक्षा कमी नाही. चिठ्ठीतील सिरप नसल्यास दुसऱ्या तीव्रतेची बाटली परस्पर देऊ नये. द्यावी लागल्यास वैद्यास विचारून मिलिलिटर बदलून लिहावेत. घरचा चमचा न सांगता मापाचे टोपण वा सिरिंज द्यावी. खरेदी पक्क्या बिलावर, बॅच क्रमांकासह असावी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले. त्याच विषाने २०२५ मध्ये कोल्ड्रिफ सिरपमधून मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. अशा वेळी संशयित बॅच कोणाकोणाच्या घरी गेली, हे सांगू शकणारी नोंदवहीच पुढचा अनर्थ टाळते.

याकरिता आपल्या संघटनेने फार मोठा उपक्रम हाती घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक दवाखान्यात एक वजनकाटा असावा. प्रत्येक पुडीवर व बाटलीवर चार रकान्यांची चिठ्ठी असावी: औषधाचे नाव, बालकाचे वजन, एका वेळची मात्रा आणि पुढील मात्रेची वेळ. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांसाठी सिरिंजवर पेनाने रेघ ओढून द्यावी. आगामी जिल्हा बैठकीत सातारा व सांगली या दोन्ही शाखांनी तसा ठराव करावा आणि चिठ्ठ्या एकत्रच छापून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. गळीत हंगामापूर्वी त्या प्रत्येक टेबलावर पोहोचल्या पाहिजेत.