घरांतील यंत्रें : समोरच्यास पडदा काळा कां दिसतो?

या सदरांत आम्ही बहुधा घरांत रोज हाताळल्या जाणाऱ्या यंत्रांविषयीं लिहीत असतों. या वेळचा विषय आमच्याच यवतमाळच्या घरीं घडलेल्या एका प्रसंगानें दिला आहे.

आमच्या धाकट्या वहिनी गणित शिकवितात. कांहीं महिन्यांपूर्वीं एका महाविद्यालयांतील जागेसाठीं त्यांची मुलाखत होती, आणि निवड-समितीपुढें वीस मिनिटांचा नमुना-पाठ द्यावयाचा होता. समिती दूरच्या शहरीं बसलेली, पाठ व्हिडिओ-कॉलवर. बाहेरगावचें काम म्हटलें कीं मूर्तिजापुरास जाणाऱ्या अरुंद गाडीचें वेळापत्रक पाहावयाचें, अशी संवय ज्या गावास पिढ्यान् पिढ्या होती, त्या गावास ही सोय किती मोलाची वाटते हें सांगावयास नको. वहिनींनीं आठ दिवस खपून पाठाच्या आकृत्या लॅपटॉपवर तयार केल्या होत्या. पाठास आरंभ झाला, त्यांनीं पडदा दाखविण्याची, म्हणजे 'स्क्रीन शेअर'ची, कळ दाबली, आणि पलीकडून शब्द आले, "मॅडम, आम्हांला सगळें काळें दिसतें आहे. नुसता बाण हलतो आहे."

पुन्हां कळ दाबली, पुन्हां काळोख. दार किलकिलें करून त्या आम्हांस इतकेंच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना कांहींच दिसत नाहीं हो!" आम्हांस तरी उपाय कोठें ठाऊक होता? शेवटीं मुलांची पाटी मागवून, तीवर खडूनें आकृत्या काढून व ती कॅमेऱ्यापुढें धरून वहिनींनीं पाठ पुरा केला. जागा दुसऱ्या कोणास मिळाली. ती पडद्यामुळेंच हुकली असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु आठ दिवसांची मेहनत कोणी पाहिलीच नाहीं, ही रुखरुख त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

आमचा लॅपटॉप जुना आहे. 2025 च्या ऑक्टोबरांत 'विंडोज 10'ची नेहमीची देखभाल थांबली, तेव्हां थोरल्या वहिनींच्या मुलानें त्यावर 'लिनक्स' बसवून दिलें होतें. अर्थात् त्या रात्रीं जेवतांना सर्वांनीं लिनक्सवर यथेच्छ तोंडसुख घेतलें आणि बिचारा पुतण्या गोरामोरा झाला. दुसऱ्या दिवशीं काका-पुतणे मिळून शोधास बसलों. त्यांतून जें कळलें तें येथें देत आहों. कारण हा अनुभव आमच्या एकट्याचा खचित नसावा.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा काळा पडदा म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. तो नकार आहे. लिनक्सच्या पडद्यावर चित्रें उमटविण्याची जुनी पद्धति 'एक्स' या नांवाची. ती 1984 सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें जन्मास आली, व तिची अकरावी आवृत्ति 1987 त निघाली. ही पद्धति जुन्या वाड्यासारखी होती. ओसरीवर आलेला मनुष्य थेट माजघरांत जाई आणि कोणाचेंही पत्र वाची. कोणी हटकीत नसे. एक्सवर चालणारा कोणताही कार्यक्रम दुसऱ्याच्या खिडकींत काय चाललें आहे तें पाहूं शके, कीबोर्डवर काय टंकिलें जात आहे तेंही टिपूं शके. सर्व मंडळी घरचीच होतीं तोंवर हें चाललें; परंतु ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा मोकळेपणा घातक ठरतो.

म्हणून 2008 सालीं क्रिस्टियन होग्सबर्ग यांनीं 'वेलँड' ही नवी पद्धति आरंभिली. फेडोरानें 2016 त व उबुंटूनें कायमची 2021 त तिचा नित्य म्हणून स्वीकार केला. वेलँडमध्यें प्रत्येक कार्यक्रमास फक्त आपली खिडकी दिसते. सर्व पडदा हवा असल्यास त्यानें दारावर थांबून विचारावें लागतें. हा दार सांभाळणारा म्हणजे 'पोर्टल'. तो घरधन्यास विचारतो, "अमुक कार्यक्रमास पडदा पाहावयाचा आहे, कोणता दाखवूं?" तुम्हीं होकार दिलात म्हणजे चित्र पोंचविण्याचें काम 'पाइपवायर' नांवाचा वाहक करितो. वहिनींनीं वापरलेलें मुलाखतीचें अ‍ॅप होतें जुन्या आवृत्तीचें. तें न विचारतां जुन्या वाटेनें आंत शिरूं पाहत होतें. त्याच्या हातीं काळोख आला, यांत नवल तें काय!

हें कळल्यावर उपायांचा क्रम आपोआप लागतो.

पहिलें, आपल्या यंत्रावर कोणती पद्धति चालू आहे तें पाहावें. सेटिंग्जमध्यें यंत्राची माहिती असते, तेथें 'विंडोइंग सिस्टिम' अशा मथळ्याखालीं वेलँड किंवा एक्स-11 असें लिहिलेलें सांपडतें.

दुसरें, स्वतंत्र अ‍ॅपनें काळोख दाखविला तर तीच सभा ब्राउझरमधून उघडून पाहावी. क्रोमनें 2023 च्या आरंभापासून पोर्टलला विचारण्याची रीत नित्याची केली. फायरफॉक्सही आतां तसेंच करितो. मात्र ब्राउझर ताजा असला पाहिजे. आमचें काम या दुसऱ्या पायरीवरच झालें.

तिसरें, संमतीची चौकट शोधावी. ती कधीं मोठ्या खिडकीमागें दडून राहते. कधीं ब्राउझर एकदां विचारतो व पोर्टल पुन्हां विचारतो. दुसऱ्यानें वैतागून ती चौकट मिटली कीं संमति मिळालीच नाहीं असा अर्थ होतो.

चौथें, चौकट मुळींच येत नसेल तर पोर्टलचा मदतनीस तपासावा. गनोमसाठीं गनोमचा, केडीईसाठीं केडीईचा, स्वे यासारख्या सडपातळ मांडणीसाठीं डब्ल्यूएलआर नांवाचा, असे हे मदतनीस निरनिराळे असतात. केवळ जीटीके नांवाचा मदतनीस बसविलेला असल्यास पडदा मिळत नाहीं. एकाच यंत्रावर दोन मांडण्या बसविल्या असतील तर भलताच मदतनीस पुढें येऊन घोंटाळा करितो. पाइपवायर व त्याचा सोबती 'वायरप्लंबर' चालू आहेत ना, हेंही याच वेळीं पाहावें. हें काम घरांतील जाणत्या मुलाकडे द्यावें, आणि तें झाल्यावर यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें.

घड्याळ धांवत असतांना हें सर्व करण्यास वेळ नसतो. त्या वेळीं एक युक्ति हमखास कामास येते. आपल्या आकृत्यांची पीडीएफ आधींच करून ठेवावी, ती क्रोमच्या एका टॅबमध्यें उघडावी, आणि सर्व पडदा न देतां फक्त तो टॅब दाखवावा. टॅबचें चित्र ब्राउझर स्वतःच काढीत असल्यामुळें त्यास दारावर कोणास विचारावें लागत नाहीं. फायरफॉक्समध्यें मात्र ही सोय नाहीं.

पुतण्याचा पहिला विचार निराळा होता. "काका, सरळ जुन्या एक्सवर जाऊं या, काकूंचें काम भागेल." कित्येक यंत्रांवर प्रवेशाच्या वेळीं दांतेरी चाकाच्या चिन्हावर टिचकी मारून तसें करतां येतें, आणि अडल्या वेळीं करण्यास हरकत नाहीं. परंतु तो उपाय टिकाऊ नव्हे: 2025 च्या ऑक्टोबरांत आलेल्या उबुंटूच्या 25.10 आवृत्तींत गनोमसाठीं ती वाट बंदच झाली. आणि पहारेकरी त्रास देतो म्हणून दार काढून टाकणें हें शहाणपणाचेंही नव्हे.

याचा प्रत्यय आम्हांस तालमीच्या वेळीं आला. वहिनींनीं संवयीनें 'सर्व पडदा' हा पर्याय निवडला आणि आकृतीच्या डोक्यावर आमच्या पुतणीच्या स्थळाविषयीं आलेला निरोप झळकला! पाहणारा पुतण्याच होता म्हणून बरें. समिती असती तर? पद्धति नवी असो कीं जुनी, 'सर्व पडदा' म्हटलें म्हणजे त्यावर येईल तें सर्व पलीकडे जातें. पहारेकरी विचारतो; उत्तर विचारपूर्वक देणें हें आपलें काम. म्हणून नेहमीं एकच खिडकी द्यावी, आणि त्यापूर्वीं निरोपांच्या सूचना बंद ठेवाव्या.

गेल्या महिन्यांत वहिनींची दुसरी मुलाखत झाली. आदल्या संध्याकाळीं त्याच लॅपटॉपवरून, त्याच ब्राउझरमधून, त्याच खिडकीसह तालीम झाली. पुतण्या शेजारच्या खोलींत मोबाइल घेऊन समिती बनला होता. पाठाच्या दिवशीं संमतीची चौकट आली, वहिनींनीं ती शांतपणें वाचून होकार दिला, आणि पलीकडून कोणी म्हणालें, "हो मॅडम, दिसतें आहे. चालू करा." निकाल अजून यावयाचा आहे. पाटी मात्र त्यांनीं टेबलावर जवळच ठेविली होती, आणि आमच्या मतें तीही तेथें असावीच.